ओरखडे दिसूनही विचारले नाही; आता सुरुवात कशी करावी?

प्रश्न
मी किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचे वडील आठ महिन्यांपूर्वी वारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळा, खेळ, मित्र यांविषयी तो मोकळेपणाने बोलतो, पण वडिलांचा विषय निघाला की बाहीचे टोक मुठीत ओढून घेतो आणि ‘ठीक आहे’ एवढेच म्हणतो. काल ती बाही जरा वर सरकली, तेव्हा मनगटाच्या आत बारीक, समांतर ओरखडे दिसले. विचारले तर नसता विचार त्याच्या डोक्यात भरवला जाईल, या भीतीने मी गप्प राहिले. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

पहिला प्रतिसाद
तुमची भीती समजते, पण तिला आधार नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ विद्यार्थ्यांच्या अभ्यासात एका गटाला आत्महत्येविषयी प्रश्न विचारले आणि दुसऱ्याला विचारले नाहीत. विचारल्यामुळे मुलांची अस्वस्थता किंवा तसे विचार वाढले नाहीत. उलट, आधीपासून खिन्न असलेल्या मुलांचा त्रास काहीसा कमीच दिसला.

म्हणून सरळ विचारा : “काल तुझ्या हातावर खुणा दिसल्या आणि मी विचारले नाही, ते माझे चुकले. त्या कशा झाल्या?” त्यानंतर, वेगळा प्रश्न म्हणून, “मरून जावे असे मनात येते का?” हेही विचारा. स्वतःला इजा करणारे प्रत्येक मूल मरू इच्छिते असे नाही, मात्र अशा मुलांना आत्महत्येचा धोका अधिक असतो, म्हणून दोन्ही उत्तरे हवीत. होकार आला तर बेत ठरला आहे का, साधन हाताशी आहे का, हेही त्याच बैठकीत विचारावे लागेल. ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका, आजच बोलावून घ्या.

दुसरा प्रतिसाद
याला एक जोड देतो. जिवाला धोका असेल तर आईला सांगावे लागेल, हे पहिल्याच भेटीत सांगितले नसेल तर प्रश्न विचारण्याआधी सांगा. कबुली दिल्यावर हा नियम कळला, तर मुलाला तो विश्वासघातच वाटतो. आईशी बोलायची वेळ आली, तर काय सांगायचे आणि त्या वेळी तो खोलीत असेल की बाहेर, हे त्याच्याशी बोलून ठरवा. सांगायचे की नाही, एवढा निर्णय मात्र त्याच्यावर सोडू नका.

तिसरा प्रतिसाद
ओरखड्यांविषयी वरील दोघांशी पूर्ण सहमत आहे. वडिलांच्या विषयाची मात्र घाई नको. एक मुलगी माझ्याकडे कित्येक आठवडे फक्त चित्रे काढत होती. एके दिवशी मान वर न करताच तिने आजीच्या शेवटच्या रात्रीविषयी सांगितले. समोरासमोर बसून नजरेला नजर देणे या वयात जड जाते, तेव्हा हाताला काही काम द्या आणि शेजारी बसा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. त्याला फोन केला, आज संध्याकाळी पाच वाजता येतो आहे. माझ्या वरिष्ठ मार्गदर्शकांनाही कळवले असून, गरज पडल्यास लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवता यावे म्हणून त्यांनी वेळ मागून ठेवली आहे. टेबलावर कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत.