फिनलंड: डिसेंबरातला सांता की दुसरं काही? पाच जण, दहा दिवस

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण, मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई-बाबा. बाबा ६९, आईचा गुडघा कुरकुरतो आणि ती शुद्ध शाकाहारी. लेकीने कुठेतरी ऑरोराचे, म्हणजे रात्री आकाशात नाचणाऱ्या हिरव्या उजेडाचे, व्हिडिओ बघितलेत तेव्हापासून फिनलंड फिनलंड चाललंय. इथल्या एका टूरवाल्याकडे गेलो तर त्याच्याकडे एकच पॅकेज, डिसेंबर, हेलसिंकी एक रात्र, रोव्हानिएमी तीन रात्री, सांतासोबत फोटो, संपलं. आकडा ऐकून बाबा म्हणाले एवढ्यात गावच्या घराला नवे पत्रे येतील. मला प्रश्न असा की तेवढाच देश आहे का? बाकीचे भाग कसे आहेत आणि कधी जावं, कुणी स्वतःहून फिरलंय का?

पामबीच_फेरीवाला
कामानिमित्त तीन वर्षं ताम्पेरेला होतो, आता परत वाशीत. टूरवाले फिनलंड म्हणजे लॅपलंड (उत्तरेचा भाग, रोव्हानिएमी तिथलंच शहर) आणि लॅपलंड म्हणजे सांता एवढंच विकतात. डिसेंबरच्या शेवटी रोव्हानिएमीत दिवस जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा, आणि अगदी वर उत्सयोकीला तर नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, त्याला तिकडे कामोस म्हणतात. ज्येष्ठांना घेऊन त्या अंधारात आणि उणे वीसमध्ये कशाला?

दक्षिण किनारा म्हणजे हेलसिंकी, त्याच्या बाजूला पोर्वो, नदीकाठी लाल लाकडी गोदामांची रांग, बसने तासाभराचा रस्ता. पश्चिमेला तुर्कू, सगळ्यात जुनं शहर, राजधानी १८१२ मध्ये हेलसिंकीला गेली. तुर्कूच्या समोर बेटंच बेटं, त्यातून अडीचशे किमीचा गोल रस्ता जातो आणि मधल्या पिवळ्या फेरीबोटी फुकट आहेत, गाडीसकट. आपल्या भाऊच्या धक्क्याची रांग आठवली की रडू येतं. पण पूर्ण गोल करायला लागणाऱ्या काही बोटी फक्त उन्हाळ्यात चालतात. पूर्वेला साइमाचा तळ्यांचा मुलूख, सावोनलिन्नाला पाण्यात उभा १४७५ चा किल्ला, जुलैत त्याच्या आवारात ऑपेरा होतो. किल्ल्यातले जिने वाईट आहेत, आईंना खालीच बसवा. आणि वर लॅपलंड.

दहा दिवसांत चारही करू नका, हेलसिंकी धरून दोनच घ्या. माझा सल्ला सप्टेंबर. लॅपलंडमध्ये तेव्हा रुस्का असते, म्हणजे पानं रंग बदलतात, अख्खा डोंगर लाल-पिवळा, रात्री काळोख पुरेसा म्हणून ऑरोराही दिसू शकते, आणि जुलैतले डास नसतात. हो, डास. ठाणेकरांना सवय असली तरी ते वेगळ्या जातीचे आहेत.

तलावपाळीकर
ठाणेकराला तळ्यांचं कौतुक सांगता? आमच्याकडे मासुंदा आहे, पेडल बोटीसकट 😀

पामबीच_फेरीवाला
त्यांच्याकडे १ लाख ८८ हजार आहेत दादा, मोजून दमा.

नेरुळची_मावशी
मी थोडी वेगळ्या मताची. आम्ही डिसेंबरातच गेलो होतो, नातू सात वर्षांचा. अंधार होता खरा, पण बर्फावर निळसर उजेड पसरतो तो मी अजून विसरले नाही. मुलासाठी पहिला बर्फ म्हणजे बर्फच, त्याला रंगीत पानांचं काय कौतुक. मात्र सांताच्या गावात फोटोचे पैसे वेगळे आणि रांग मोठी, तिथे तासच्या तास घालवू नका. आणि रोव्हानिएमी शहर एवढं नवं-नवं का दिसतं म्हणून विचारलं तर कळलं, १९४४ मध्ये जर्मन सैन्याने माघार घेताना सगळं जाळलं होतं, नंतर आल्व्हार आल्टो या फिनिश आर्किटेक्टने रेनडिअरच्या डोक्याच्या आकाराचा आराखडा केला.

शाकाहाराचं सांगते. कार्यालांपीराक्का मागा, राईच्या पातळ पारीत खिमटीसारखा मऊ भात, कडा चिमटे काढून दुमडलेल्या, अगदी आपल्या करंजीसारखं काम. वर अंडं-लोणी लावून देतात, ते नको म्हणून आधीच सांगा. दुपारी लौनास म्हणजे जेवणाचा बुफे, त्यात सॅलड, ब्रेड, कॉफी असतं, रात्रीपेक्षा खूप स्वस्त पडतं.

पामबीच_फेरीवाला
मावशी बरोबर बोलतायत, लेक बर्फासाठीच हट्ट करत असेल तर मार्च बघा, बर्फही असतो आणि दिवसही मोठा. पण ती ऑरोरासाठी मागे लागलीये ना.

हेलसिंकीहून रोव्हानिएमीला रात्रीची ट्रेन घ्या, बारा तासांच्या आसपास, झोपायच्या केबिन असतात, आईंचा गुडघा विमानतळावरच्या चालण्यापेक्षा इथे सुखी. पुढे बसने अजून वर इनारीला जा, तिथे सीडा म्हणून सामी लोकांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, म्युझियम आहे. मी जाताना बस भर रस्त्यात थांबली, समोर सहा-सात रेनडिअर निवांत उभे, ड्रायव्हरने हॉर्नला हातही लावला नाही, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. जंगलात दिसले तरी त्या प्रत्येकाचा मालक असतो, कानाला खूण कापलेली असते. आणि जंगलातली बेरी कुणीही तोडून खाऊ शकतं, कायद्यानेच मुभा आहे, सप्टेंबरात लालभडक लिंगनबेरी मिळते. चवीला करवंदाची आंबट बहीण.

घोडबंदरकर
बायकोने हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं घरात. सप्टेंबर म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, गणपती? २०२६ ला १४ सप्टेंबरला येतायत, आमचा दीड दिवसांचा, म्हणजे १५ ला विसर्जन करून १७ ला निघता येईल. रुस्का थांबेल का तोवर? आणि आई साजूक तूप आणि खव्याच्या पोळ्या न्यायच्या म्हणतेय.

पामबीच_फेरीवाला
१७ म्हणजे अगदी वर इनारीकडे शेवटशेवटची, जरा खाली यायला लागलात की अजून मिळेल. त्यामुळे उतरल्या उतरल्या आधी लॅपलंड करा, हेलसिंकी नंतर. तूप आणि खवा मात्र नाही, युरोपात बाहेरून सामानातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

नेरुळची_मावशी
मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी न्या. तिखट जास्त घाला, तिकडच्या जेवणात मिठाशिवाय काही नसतं.

घोडबंदरकर
आई म्हणते भाजणी नेते, पण हॉटेलात थालीपीठ लावू देतात का ते आधी विचार.