मदत हवी आहे: बाबांच्या डोक्यातल्या नळीत इन्फेक्शन, सही करू का?

रानवारा_२:
तातडीचं आहे. बाबांच्या डोक्यात नळी टाकलीय, त्यातल्या पाण्यात इन्फेक्शन निघालं. आता डॉक्टर म्हणतात, औषध नळीतूनच थेट मेंदूत सोडायचं, सही द्या. शिरेतून चालू असताना हे कशाला? मेरोपेनेम हे अँटिबायोटिक २ ग्रॅम दिवसातून ३ वेळा देतायत. मित्राचं मेडिकल आहे, तो म्हणतो १ ग्रॅमच असतं. पुण्याला हलवू का? ७ वाजता राउंड आहे, पटकन सांगा.

पावशेर:
नळी कशासाठी? वय? किती दिवस झाले? कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघतात ती तपासणी) काय आलं? एवढं तरी लिहा.

रानवारा_२:
ब्रेन हॅमरेज हो, लिहिलं नाही का? ६४. नळी ११ दिवसांपासून, मेंदूतलं पाणी बाहेरच्या पिशवीत काढते ती, ईव्हीडी म्हणतात. कल्चर अ‍ॅसिनेटोबॅक्टर, त्या जंतूवर फक्त कोलिस्टिन हे औषध लागू पडतंय म्हणे.

चिंचेचं_बुटुक:
धीर धरा. माझ्या भावाला टीबीचा मेंदूज्वर झाला होता, वर्षभर गोळ्या खाल्ल्या, आज शेती करतो. पाठीतून पाणी काढायला अजिबात घाबरू नका, त्याने लकवा होत नाही.

रानवारा_२:
टीबी नाहीये. पाठीतून कुणी काही काढत नाहीये.

सातबारा:
११ दिवसांत इन्फेक्शन म्हणजे सरळ हलगर्जीपणा. सही करूच नका. फाइलची झेरॉक्स मागा आणि ग्राहक मंचात जा.

नाइट_ड्यूटी:
सातबारा, पेशंट आधी वाचू दे. १४ वर्षं न्यूरोच्या आयसीयूत सिस्टर आहे. नळी जितके दिवस राहते आणि जितक्या वेळा उघडते तितका धोका वाढतो. हात न धुतल्यानेही होतं, ते नाकारत नाही. पण सही अडवून जंतू मरणार नाहीत.
रानवारा, कोलिस्टिन रक्तातून मेंदूच्या पाण्यात फारसं उतरतच नाही, म्हणून थेट नळीतून. सोडल्यावर तासभर नळी बंद ठेवतात, नाहीतर औषध पिशवीत वाहून जाईल. मेरोपेनेमचा हा डोस मेंदूज्वराचाच आहे, मित्र नेहमीचा सांगतोय. किडनीचं क्रिएटिनिन किती?

रानवारा_२:
२.१. आधी १ होतं. आणि पाण्यातली साखर ४८ म्हणजे कमी म्हणतात, मामांच्या मते ठीक आहे.

पावशेर:
डायबिटीस आहे का?

रानवारा_२:
आहे. २० वर्षांपासून. त्या दिवशी रक्तातली २६० होती.

पावशेर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! पाण्यातली साखर साधारण रक्ताच्या दोन तृतीयांश असते. २६० ला ४८ म्हणजे चांगलीच कमी.

नाइट_ड्यूटी:
बरोबर. पाण्यात नुसत्या पेशी वाढल्या असत्या तर रक्तस्रावामुळेही असू शकतं म्हटलं असतं, इथे कल्चरही आहे. राउंडला तीनच गोष्टी विचारा: २.१ बघून डोस बदलणार का, जुनी नळी काढून नवी घालणार का, पुढचं कल्चर कधी. नळीतून जातं ते कोलिस्टिन अगदी थोडं असतं, किडनीची काळजी शिरेतल्याची जास्त.

मोरपंखी:
मी तर म्हणेन मुंबईच गाठा. आमच्या काकांना रात्रीत हलवलं होतं, वाचले.

नाइट_ड्यूटी:
काकांना डोक्यात नळी होती का? व्हेंटिलेटर?

मोरपंखी:
नाही, डेंग्यू होता. पण मुद्दा तोच ना.

सातबारा:
अवांतर: फुले योजनेत बसतं का हे? लाखांत बिल जातं.

पावशेर:
वेगळा धागा काढा हो.

रानवारा_२:
सही केली. नळी उद्या बदलणार, मेरोपेनेमचा डोस किडनी बघून कमी करतायत. पण संध्याकाळपासून पिशवीत पाणी भराभर येतंय, घाण बाहेर पडतेय ना? चांगलंच ना?

नाइट_ड्यूटी:
पलंग कुणी हलवला?

रानवारा_२:
मामांनी डोक्याकडून जरा वर केला. श्वासाला बरं पडेल म्हणून.

नाइट_ड्यूटी:
आत्ता जाऊन सिस्टरला सांगा! पिशवीची उंची डोक्याच्या मापाने लावलेली असते. डोकं वर गेलं की पाणी जास्त ओढलं जातं, पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. तुम्ही काही खाली-वर करू नका, तीच लावेल.

रानवारा_२:
लावली. ओरडली मामांना.