भिंतीवर सहा मूल्यं रंगवली की मुलं नागरिक होतात का?

खडूची भुकटी

मुलगी तिसरीत आहे आणि मी यंदा शाळेच्या पालक समितीवर आहे. मागच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी एक प्रस्ताव ठेवला. शाळेने सहा नागरी मूल्यं ठरवायची: प्रामाणिकपणा, परस्पर आदर, जबाबदारी, समता, सहिष्णुता, नियमपालन. दर दोन महिन्यांनी एक मूल्य घ्यायचं. त्यावर परिपाठात गोष्ट, जिन्यालगतच्या भिंतीवर मोठं चित्र, आणि महिनाअखेर प्रत्येक वर्गातल्या एका मुलाला त्या मूल्याचा बिल्ला.

मी हात वर केला, बाजूने. माझं म्हणणं साधं आहे. घरात मूल आपल्यासारख्याच माणसांत वाढतं. वेगळी भाषा बोलणारा, वेगळ्या देवाला मानणारा किंवा कोणालाच न मानणारा, वेगळ्या ऐपतीचा मुलगा शेजारी येऊन बसतो तो पहिल्यांदा शाळेच्या बाकावरच. मग एकत्र राहायचं कसं, हे शाळेने उघडपणे सांगायला काय हरकत आहे? पण समितीतले दोघे चिडले, 'हे नाटक आहे' म्हणाले. पुढच्या बैठकीत निर्णय आहे. तुमचं काय मत?

जुना फळा

ते दोघे बरोबर आहेत. एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलंय, बिल्ल्यांचं हे प्रकरण मी हातांनी केलंय आणि हात पोळूनही घेतलेत.

आमच्याकडे प्रामाणिकपणाचा महिना होता. सापडलेली वस्तू आणून दिली की नावापुढे तारा. पहिल्या आठवड्यात दोन पेन्सिली आल्या, दुसऱ्या आठवड्यात डबा भरला. मला वाटलं, वा! नंतर एका आईने विचारलं, 'गुरुजी, आमच्या पोराचे खोडरबर रोज कुठे हरवतात?' पोरगा स्वतःचेच खोडरबर 'सापडले' म्हणून आणून देत होता. एकटा नव्हता तो, निम्मा वर्ग तेच करत होता. म्हणजे प्रामाणिकपणाच्या महिन्यात मी पन्नास मुलांना खोटं बोलायला शिकवलं, वर तारे दिले ते वेगळेच.

हे नुसतं माझ्या वर्गाचं रडगाणं नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडायचं, अशी मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं, 'चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल.' पुढे मोकळ्या वेळेत पेनं समोर ठेवली, तेव्हा हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली. आवडीचं काम मजुरीचं झालं. चित्रकलेचं हे होतं, तर आदराचं काय होईल?

चौथा बाक

आमच्या वर्गात 'नम्रता' बिल्ला मिळालेला मुलगा तो बिल्ला वर्षभर सगळ्यांना दाखवत फिरायचा. एवढंच सांगायचं होतं.

उंबरठा

बिल्ले गेले खड्ड्यात, ते मलाही मान्य. पण यादीच नको म्हणणाऱ्यांना एक प्रसंग सांगते.

माझ्या मुलाच्या वर्गात एक मुलगी शेजारच्या मुलीजवळ बसेना. कारण विचारलं तर म्हणाली, 'घरी सांगितलंय, त्यांच्यात मिसळायचं नाही.' बाई काय बोलल्या? काही नाही. जागा बदलून दिली. मी नंतर बाईंना भेटले. बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, 'मी काही बोलले असते तर उद्या पालक दारात उभे. मुख्याध्यापक म्हणणार, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?' जिला जागेवरून उठवलं ती पोर मात्र सगळं समजून चुकली होती.

ती यादी मुलांसाठी नसतेच मुळी. ती शिक्षकाला पाय रोवायला असते. पालकांसमोर, पालकांच्या सहीने ठरलेली गोष्ट असेल तर बाई म्हणू शकतात, 'घरी काय सांगितलंय ते तुझ्या घरचं. या वर्गात कोणीही कोणाशेजारी बसतं.' शाळा गप्प बसली तरी ती शिकवतच असते. त्या दिवशी चाळीस मुलं शिकली की असं म्हटलं तर जागा बदलून मिळते.

जुना फळा

हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण मग यादी स्टाफरूममध्ये लावा की. जिन्यात कशाला?

काळा कोट

'सर्वांची मूल्यं' म्हटलं की माझा पहिला प्रश्न: ठरवताना खोलीत कोण होतं?

दोन खटले सांगतो. अमेरिकेत शाळेत झेंड्याला सलाम सक्तीचा होता. जेहोवाज विटनेस पंथाची मुलं धर्मश्रद्धेमुळे तो करत नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं जाई. १९४० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांची बाजू उचलून धरली. अवघ्या तीन वर्षांत, १९४३ च्या बार्नेट खटल्यात, त्याच न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला: सक्ती करता येणार नाही. आपल्याकडे १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला याच पंथाच्या केरळमधल्या तीन भावंडांचा. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुलं आदराने उभी राहायची, फक्त गात नसत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

दोन्हीकडे शाळांना वाटत होतं की आपण मूल्यंच रुजवतोय. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. म्हणून मला यादीतल्या शब्दांपेक्षा 'नियमपालना'च्या महिन्यात जो मुलगा कारण देऊन 'नाही' म्हणेल त्याचं काय होणार, हे कळायला हवं.

आणि यादी येते कुठून तेही बघा. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी शाळांना सांगितलं गेलं की 'मूलभूत ब्रिटिश मूल्यं' सक्रियपणे रुजवा: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि वेगळ्या श्रद्धांच्या लोकांबद्दल आदर व सहिष्णुता. हरकत घ्यावी असा त्यात एकही शब्द नाही. पण ही व्याख्या उचलली होती २०११ च्या दहशतवादविरोधी धोरणातून. आता ज्या आईबापांकडे आधीच संशयाने बघितलं जातं, त्यांनी तो तक्ता वाचताना काय समजायचं? शब्द तेच असतात, पण ते कोणाकडे बोट दाखवून म्हटले जातायत हे मुलांनाही कळतं.

उंबरठा

वकीलसाहेब, तुमच्या हिशोबाने शाळेने फक्त पाढे शिकवावेत. तुमच्या दोन्ही निकालांत न्यायालयांनी जे केलं तेही एका मूल्याच्याच जोरावर ना? सहिष्णुतेच्या? मग ते मूल्य मुलांना सांगायचं नाही, आणि मोठेपणी त्यांनी न्यायालयात जाऊन ते शोधायचं?

काळा कोट

सांगा. पण 'आम्ही सहिष्णू आहोत' असं भिंतीवर लिहिणं आणि न गाणाऱ्या मुलाला वर्गात राहू देणं, यातलं दुसरं आधी करा.

गोष्टीवेल्हाळ

धागा वाचून यानुश कोर्चाक आठवला. पोलंडमधला डॉक्टर. १९१२ पासून वॉर्सात अनाथ मुलांचं घर चालवायचा. तिथे त्याने मुलांचं न्यायालय सुरू केलं होतं. त्या आठवड्यात ज्यांच्यावर खटला नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. कायद्याचं पुस्तक सुरूच व्हायचं क्षमेने: कोणी वाईट वागलं तर माफ करणं सगळ्यांत बरं. पहिली ९९ कलमं सोडून देण्याची किंवा खटला रद्द करण्याची. १०० व्या कलमात माफी न देता 'तू हे केलंस' एवढंच म्हणायचं, २०० पासून 'तू चुकलास' सुरू होतं, आणि शेवटचं १००० वं कलम घरातून काढून टाकण्याचं.

मला खरी भावलेली गोष्ट वेगळीच. कोर्चाकने लिहून ठेवलंय की सहा महिन्यांत तो स्वतः पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभा राहिला. एकदा एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून.

तुमच्या शाळेच्या सहा मूल्यांपैकी एखादं शिक्षकाने मोडलं तर तिसरीतलं पोर कोणाकडे जाणार, हे प्रस्तावात आहे का? नसेल तर ती मूल्यं सगळ्यांची नाहीत. ती मुलांसाठीची शिस्त आहे, नाव फक्त भारदस्त.

जुना फळा

हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझ्यावर खटला भरला असता तर पाचावर भागलं नसतं.

हजर बाई

मी सध्या शिकवते, चौथीला, बेचाळीस मुलं. कोर्चाकबद्दल आदर आहे, पण तो मुलांबरोबर दिवसरात्र राहत होता. माझ्याकडे पस्तीस मिनिटांचा तास आहे, त्यातली पाच हजेरीत जातात.

मुलांकडे न्याय सोपवण्याचा प्रयोग मीही केला. एकाने दुसऱ्याची वही फाडली होती. वर्गाला विचारलं, काय करायचं? क्षणात उत्तर आलं: 'आठवडाभर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही.' सगळ्यांचे हात वर. मतदान अगदी लोकशाही पद्धतीने झालं! त्या मुलाचा चेहरा बघून मी तिथेच थांबवलं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या पुस्तकात हेच नोंदवलंय. लहान मुलांना तो विचारायचा: चुकून दार लागून पंधरा कप फुटले तो मुलगा जास्त वाईट, की गुपचूप मुरंबा काढताना एक कप फोडणारा? बरीच लहान मुलं म्हणायची पंधरावाला, कारण नुकसान जास्त. हेतू बघणं वयाबरोबर येतं. शिक्षेच्या बाबतीतही लहान मुलांना कडक तेच न्याय्य वाटतं. म्हणून 'मुलांवर सोपवा' म्हणणाऱ्यांची मला भीतीच वाटते.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. मुलांनी मुलांना शिक्षा ठरवायची नाही. वाटणी मात्र ठरवायची. मधल्या सुट्टीत मैदानाचा मधला भाग कायम चेंडूवाल्यांकडे असायचा. मी वर्गापुढे प्रश्न ठेवला, आठवड्यातून एक तास. पहिल्या आठवड्यात नुसती भांडणं. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, तर एक मुलगी म्हणाली, 'चिठ्ठ्यांत फक्त चेंडूचेच खेळ का? आम्हाला नुसतं बसून बोलायचं असतं, त्याला जागा नको?' बसून बोलणं हाही मैदानाचा उपयोग आहे, हे मला तरी सुचलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मैदान आडवं न कापता वार वाटून घेतले. गुरुवार बोलणाऱ्यांचा. तो नियम पुढे दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा मुलांनीच ओरडून आठवण करून दिली. माझा एकही नियम त्यांनी इतक्या त्वेषाने सांभाळलेला नाही.

समता, आदर हे शब्द त्या तीन आठवड्यांत कोणी उच्चारलेही नाहीत. आणि उंबरठा, तुमच्या प्रसंगातल्या बाई मीही असू शकले असते. मला लेखी पाठबळ हवंच आहे. फक्त ते सहा शब्दांचं नको. 'कोणी कोणाशेजारी बसायला नकार दिला तर शाळा काय करेल' असं एक वाक्य लिहून द्या, मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवीन.

उंबरठा

असं वाक्य मिळालं तर माझा सगळा हट्ट मागे. पण पालक त्यावर सही करतील का? सहा गोड शब्दांवर सगळे करतील. अशा वाक्यावर बैठकीत खरं भांडण होईल.

काळा कोट

मग भांडण होऊ दे. ते न होता सगळे एकमत झाले असतील तर शब्द पोकळ आहेत इतकंच सिद्ध होतं.

चौथा बाक

हा धागा पालक समितीत मोठ्याने वाचून दाखवा. वाचून संपेपर्यंत बिल्ले गंजतील.

खडूची भुकटी

दहा दिवसांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. काल बैठक झाली.

जाण्याआधी हजर बाईंचं ऐकून मुलीच्या वर्गशिक्षिकेला विनंती केली होती की मुलांना एक प्रश्न विचारा: शाळेत तुमचा मान राखला जात नाही असं कधी वाटतं? चिठ्ठीवर लिहा, नाव नको. मला वाटलं होतं, चिडवणं, मारामारी, फार तर 'बाई ओरडतात' असं काही येईल. तेही आलं. पण अडतीसपैकी सोळा चिठ्ठ्यांत एकच गोष्ट होती, वेगवेगळ्या स्पेलिंगमध्ये: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी लागत नाही. एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते. ती नसेल तर जायचंच नाही. माझी मुलगी दोन वर्षं शाळेत पाणी पीत नाही, ती का, हे मला त्या चिठ्ठ्या वाचताना कळलं. मी तिला रोज बाटलीवरून रागावत होते.

चिठ्ठ्या मुख्याध्यापकांसमोर ठेवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चित्रकाराला थांबवलंय, बिल्ल्यांचा विषय परत निघाला नाही. बाकावर बसण्याच्या वाक्याचा मसुदा मी मांडला. उंबरठा, तुमचं भाकीत खरं ठरलं. तासभर जुंपली आणि दोन पालक उठून गेले. तो विषय पुढच्या बैठकीवर गेलाय. यादी हवी असं मला अजूनही वाटतं, जुना फळा, पण जिन्यात नको हे पटलं. आज दुपारी सुतार येणार आहे.

जुना फळा

कडी किती उंचीवर लावतात ते स्वतः उभं राहून बघा. पहिलीतल्या मुलीचा हात पोचला पाहिजे.