पाच दारी जिम्नीसाठी लिफ्ट: ४० मिमीचे स्पेसर घ्यावेत की ५० मिमीच्या स्प्रिंग?

मावळी_चाक (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे दीड वर्षापासून पाच दारांची, मॅन्युअल गिअरची जिम्नी आहे. आठवडाभर ती पुण्यात कार्यालयात जाण्यायेण्यासाठी वापरली जाते आणि महिन्यातून एक-दोन रविवारी मावळ किंवा वेल्हे भागातील कच्च्या वाटांवर जाते. गेल्या पावसाळ्यात एका शेताचा बांध ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरली, मागची अलीकडेच राहिली आणि गाडी बांधावर पोटावर बसली. सोबतच्या थारला दोर लावून ती ओढून काढावी लागली.

तेव्हापासून गाडी उंच करण्याचा विचार आहे. एका गॅरेजने मूळ स्प्रिंगवर ४० मिमीचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, बसवण्यास सांगितले, दुसऱ्याने ५० मिमी उंची देणाऱ्या स्प्रिंग आणि लांब शॉकअप असा संच सुचवला, तर तिसऱ्याचा आग्रह तीन इंचांचा आहे. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरी बहात्तर वर्षांचे वडील याच गाडीतून प्रवास करतात, हेही लक्षात घेऊन जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडकवाट

आपण गाडी नेमकी कोठे टेकली हे सांगितलेत, ते फार बरे झाले, कारण बहुतेक जण तेवढेच सांगायचे विसरतात आणि थेट इंचांवर येतात. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, म्हणजे डावे-उजवे चाक जोडणारा एकच ताठ आस, आहेत. कंपनी जो २१० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स सांगते तो गाडीच्या सर्वांत खालच्या भागाचा असतो, आणि अशा गाडीत तो भाग म्हणजे ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा (थोडक्यात डिफ). स्प्रिंग कितीही उंच केल्या तरी ॲक्सल चाकांच्या मध्यावरच राहतो, त्यामुळे डिफ दगडाला लागत असेल तर लिफ्टचा काडीचाही उपयोग नाही; तेथे मोठ्या व्यासाचे टायरच लागतात. आपले पोट टेकले आहे, म्हणजे अडचण चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) उंचीची आहे आणि तिच्यावर लिफ्ट हाच उपाय आहे.

किती उंची पुरेल, याचा ढोबळ हिशेब करता येतो. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारी जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २२५० मिमी असून तिचा रॅम्प ब्रेकओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकता किती तीव्र उंचवटा ओलांडता येतो हे सांगणारा कोन, २८ अंश आहे. आपल्याकडील पाच दारीचा व्हीलबेस २५९० मिमी, आणि या वाढलेल्या ३४० मिमीमुळे तोच कोन २४ अंशांवर उतरला. आता पोट ५० मिमीने वर उचलले तर माझ्या गणिताने हा कोन पुन्हा २८ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे दोन इंचांत आपण पाच दारीला तीन दारीच्या पंक्तीला नेऊन बसवता. शेताचे बांध आणि चर यांसाठी तेवढे पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

मावळी_चाक

हिशेब पटला. मग स्पेसरनेही ४० मिमी मिळत असतील, तर दहा मिमीसाठी इतका खर्च कशाला करावा, हा प्रश्न उरतोच.

स्प्रिंगवाला_दादा

फरक दहा मिमीचा नसून चाकाच्या प्रवासाचा आहे. चाक खड्ड्यात किती खाली लोंबू शकते याची मर्यादा शॉकअपची लांबी ठरवते. स्पेसर बसवल्यावर गाडी ४० मिमी वर उभी राहते, परंतु शॉकअप मूळचाच असल्याने तो त्या उभ्या स्थितीतच ४० मिमी अधिक ताणलेला असतो, आणि खाली जाण्याचा चाकाचा प्रवास तितकाच कमी होतो. परिणामी तिरक्या खड्ड्यांत चाक आधीपेक्षा लवकर हवेत उचलले जाते. जिम्नीला कंपनीचे डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकांना सक्तीने एकत्र फिरवणारी कळ, नाही. हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या चाकाकडे ताकद वळवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था तेवढी आहे. ती काम करते, पण चिखलात तिच्यावर विसंबण्यापेक्षा चारही चाके जमिनीवर ठेवणे केव्हाही चांगले. स्वस्तातल्या स्पेसरने गाडी दिसायला उंच होते आणि वाटेवर उलट कमजोर ठरते, असे मी स्पष्टच म्हणेन.

स्प्रिंग घेतानाही केवळ उंची पाहू नये. प्रत्येक स्प्रिंग ठरावीक वजन गृहीत धरून बनवलेली असते. लोखंडी बंपर, विंच आणि छतावरचे कॅरिअर यांसाठी बनवलेली कडक स्प्रिंग सुमारे बाराशे किलोच्या मोकळ्या जिम्नीला लावली, तर गाडी सांगितलेल्यापेक्षा जास्त उंच उभी राहते आणि पुण्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर वडिलांची कंबर तुमच्याकडे तक्रार करील. तुमच्या गाडीवर कायमस्वरूपी किती वजन असते ते आधी ठरवा आणि विक्रेत्याला तोच आकडा सांगा. बसवण्यापूर्वी सपाट जमिनीवर प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा; जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधील हवेने तो आकडा बदलतो. काम झाल्यावर आणि पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर मोजा, कारण नव्या स्प्रिंग थोड्या बसतात.

आता पुढच्या ॲक्सलकडे येऊ. त्याला धरणारे दांडे मागे चेसिसला जोडलेले असल्याने चेसिस वर गेली की ॲक्सल पुढच्या बाजूला किंचित कलंडतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांच्या वळण-अक्षाचा मागचा कल, कमी होतो. मग महामार्गावर स्टिअरिंग सैल वाटते, वळणानंतर ते आपोआप सरळ होत नाही आणि एखाद्या खड्ड्यानंतर ते थरथरू लागते. नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये या गाडीचा टो (चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) तेवढा जुळवता येतो, कॅस्टर नाही. म्हणून ५० मिमीबरोबर कॅस्टर सुधारणारे ऑफसेट बुश (मध्यापासून सरकवलेले छिद्र असलेले, दांड्यांच्या जोडातले रबर) घ्यावेत. ॲक्सलला चेसिसशी आडवे बांधणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे तो एका बाजूला काही मिलिमीटर सरकतो, त्याला जुळवता येणाऱ्या रॉडने मध्यावर आणावा. ब्रेकचे होज (लवचीक नळ्या) चाक पूर्ण लोंबल्यावर ताणले जात नाहीत ना, हे गाडी जॅकवर घेऊन स्वतः पाहावे. तीन इंचांत या साऱ्याच गोष्टी वाढत जातात आणि ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जोडांचे कोनही त्रास देऊ लागतात. रोजच्या गाडीला मी ते सुचवणार नाही.

थारवाला

तुलनेसाठी सांगतो. माझ्या २०२१ च्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणारे सस्पेन्शन, आहे, म्हणून लिफ्टबरोबर पुढचा डिफही वर जातो, परंतु ॲक्सल शाफ्टचे जोड तिरके होऊन त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. माझे एकदा फाटले आहेत. तुमच्या गाडीला ती कटकट नाही.

नियमावली

एक गोष्ट येथे कोणी बोलले नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. काम करण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, आणि वॉरंटीत सस्पेन्शनची तक्रार नेल्यास सेवा केंद्रात पहिला प्रश्न याच स्प्रिंगबद्दल विचारला जाईल.

खडकवाट

टायरचाही मोह होईल, म्हणून आधीच सांगतो. मूळ १९५/८० आर१५ चा व्यास सुमारे ६९३ मिमी आहे. २१५/७५ घेतल्यास डिफखाली जेमतेम पाच मिमी मिळतात. २३५/७५ ने वीस मिमी मिळतात खरे, पण मीटरवर ८० दिसताना गाडी ८५ च्या जवळ धावत असते आणि १.५ लिटरच्या इंजिनाला घाटात एक गिअर खाली राहावे लागते.

मावळी_चाक

सर्वांचे आभार. काल वडिलांना दाराखाली ५० मिमीची फळी ठेवून उतरवून पाहिले, म्हणजे नेमके उलटे केले, हे नंतर लक्षात आले. मग गाडीची चारही चाके फळ्यांवर चढवली. त्यांना चढता आले, परंतु हँडल धरावे लागले, तेव्हा बाजूला पायरी लावणार आहे. अर्थात ती पायरीच पुन्हा बांधाला टेकणार, म्हणून वाटेवर जाताना काढता येईल अशी कोणाच्या पाहण्यात असल्यास कळवावे. स्प्रिंग ५० मिमीच्याच घेईन, हलक्या वजनासाठीच्या, बुश आणि पॅनहार्ड रॉडसह. विमा कंपनीला आज पत्र लिहिले असून आरटीओत सोमवारी जाणार आहे. तेथून उत्तर मिळेपर्यंत स्प्रिंगची मागणी नोंदवलेली नाही.