मदत हवी आहे: दिवसभर घालता येईल अशी ब्रा

मैत्रिणींनो, मी शाळेत शिकवते, दिवसभर उभी. छातीखालचा घेर 33 इंच, छातीचा 38. म्हणजे हिशेबाने 34 डी (आकडा छातीखालच्या पट्ट्याचा, अक्षर कपचं). पण दुकानदार नुसती नजर टाकून 36 बी पुढे करतो. ती पाठीवर वर चढते, मग खांद्यांवरचे पट्टे आवळावे लागतात आणि संध्याकाळी खांद्यांवर वळ. खरा आधार खालच्या पट्ट्याने द्यायला हवा ना?

मला दुकानात 34 डी साध्या सुती, बिनतारेच्या प्रकारात मिळतच नाही. मिळते ती जाड फोमची. मे महिन्यात नागपुरात फोम? नको गं बाई!

सीताबर्डी किंवा इतवारीत बाई माप घेते, घालून बघू देतात असं दुकान माहीत आहे का? बजेट 500 रुपयांपर्यंत. ऑनलाइन घेत असाल तर कंपनी सांगा, आणि धुऊन धुऊन इलॅस्टिक सैल पडतं का तेही.