फ्लोमला (नॉर्वे) जहाज ९ तास थांबतंय, आई-बाबांना घेऊन काय काय जमेल?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन नॉर्वेच्या क्रूझला जाऊलालोय, ताई-भावजी जर्मनीत असतात त्यांनीच बुकिंग केलंय, हॅम्बुर्गहून निघायचं. त्यात एक दिवस फ्लोम म्हणून गाव आहे, सकाळी ८ ला जहाज लागतं, ५ ला सुटतं. जहाजवाल्यांनी सहलींची यादी पाठवलीय खरं रेट बघून बाबांनी यादीच मिटवून ठेवली. बाबा रेल्वेतून रिटायर, लोंढ्याला होते, त्यांना फक्त तिथली घाटातली रेल्वे बघायचीय. आईचे गुडघे दुखतात, ती म्हणते मला डोंगर-पाणी दिसेल अशा जागी बसवा आणि तुम्ही कुठं जायचं ते जावा. कोण गेलंय का?

खानापूरचा_गडी:
मी गेल्तो दोन वर्षांपूर्वी. गाव म्हणजे चार-पाचशे वस्ती, धक्क्यावरनं स्टेशन दोन मिनिटांत, आई सहज चालतील. तिकीट स्वतः ऑनलाइन काढा, खरं लवकर, मोठं जहाज लागलं की गाड्या भरतात. २० किमीत ८६० मीटरच्या वर चढते, १८ मीटरला १ मीटर चढ, आपला कॅसलरॉकचा घाट ३७ ला १, म्हणजे बाबांना सांगा दुप्पट! २० बोगदे, त्यातले १८ हातानं खोदलेले. वर शेवटच्या स्टेशनला, मिरडालला, जाऊन परत, दोन तास धरा. मध्ये श्योसफॉसेन धबधब्याला गाडी थांबवून सगळ्यांना उतरवतात. आपल्याकडं दूधसागरला उतरलं की पोलीस मागं लागतात, तिथं रेल्वेवालेच दार उघडून फोटो काढा म्हणतात 😄 उन्हाळ्यात लाल कपड्यातली एक बाई कड्यावर नाचते, त्यांच्या लोककथेतली हुल्ड्रा, रानात राहून माणसांना भुलवणारी बाई. मला ते जरा नाटकीच वाटलं.

शहापूरची_वैनी:
रेल्वेचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत. पावसाळ्यात दूधसागर बघितलेल्या माणसाला तो धबधबा काय मोठा वाटणार? आणि पावभागापेक्षा जास्त रस्ता बोगद्यातच. बाबांना जाऊ दे, आईंना मात्र स्टेगास्टाइनला न्या. फ्लोमहून बस जाते, जाऊन-येऊन दीड तास. फियोर्डच्या (डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची खाडी) ६५० मीटर वर लाकडाचा सज्जा कड्यातून ३० मीटर बाहेर काढलाय, टोकाला नुसती काच. बसमधून उतरून थोडंच चालायचं. रस्ता अरुंद, नागमोडी, चोर्ला घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी घेऊनच बसावं.
नाहीतर गुडवांगेन गावापर्यंतची बोट, दोन तास, नॅरोयफियोर्डमधून जाते. युनेस्कोच्या यादीत आहे, एके ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद, दोन्हीकडं सरळ उभे डोंगर. विजेवर चालते त्यामुळं आवाज नाही, आईंना बसून बघायचंय ना, मग हेच. परत येताना बस २० मिनिटांत आणते, त्यातला एक बोगदाच ११ किमीचा.

टिळकवाडीकर:
वैनी, तिन्ही होतील का एका दिवसात?

शहापूरची_वैनी:
कागदावर होतील, जीव जाईल. स्वतः काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही हे लक्षात ठेवा. सकाळी रेल्वे, दुपारी बोट नाहीतर सज्जा, दोन्हीपैकी एकच.

निपाणीकर_७२:
जून असला तरी स्वेटर आणि रेनकोट पाहिजेच, छत्री वाऱ्यात टिकत नाही. रोख पैसे बदलत बसू नका, सगळीकडं कार्ड. खाणं महाग, सकाळी जहाजावर पोटभर नाष्टा करूनच उतरा. तिथलं तपकिरी चीज मात्र चाखा, ब्रुनॉस्ट म्हणतात, चीजच्या निवळीला आटवून आटवून करतात, गोडसर लागतं, मी तर घरी "खारट कुंदा" म्हणूनच सांगितलं. आई कडक शाकाहारी असतील तर आधी विचारून घ्या, चीजमध्ये रेनेट (दूध फाडायला घालतात ते, वासराच्या पोटातलं) असतं कधी कधी. अजून एक, क्रूझ मध्ये इंग्लंडला टेकत असेल तर तिथला व्हिसा वेगळा आणि शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) मल्टिपल एन्ट्रीचा, म्हणजे परत आत येता येईल असा लागतो.

टिळकवाडीकर:
इंग्लंड नाही, नुसतं नॉर्वे. लई उपकार सगळ्यांचे. आई आणि ताई बोटीला, मी आणि बाबा रेल्वेला, असं ठरूलालंय. बाबा विचारताहेत एवढ्या चढाला मागं बँकर (मागनं ढकलणारं जादा इंजिन) लावतात का?

खानापूरचा_गडी:
पुढं एक इंजिन, मागं एक, दोन्ही विजेची. बाबांना म्हणावं शेवटच्या डब्यात बसा, वळणावर सगळी गाडी दिसते.