चौपदरीकरणाचं सेफ्टी ऑडिट: माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं?

फाट्यावरचा:
गावाजवळ राष्ट्रीय महामार्गाचं चौपदरीकरण चालू आहे. शाळेसमोर दुभाजक फोडून ओपनिंग ठेवलंय, भुयारी मार्ग नाही. विचारलं की 'ऑडिट झालंय' एवढंच उत्तर. हे करतं कोण आणि कागद कुठले मागायचे?

खडीकरण:
कुठल्या टप्प्याचं झालंय ते विचारा. आयआरसी:एसपी:88 (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्ता सुरक्षा ऑडिटची नियमपुस्तिका) नुसार प्राथमिक आराखडा, तपशीलवार डिझाइन, काम चालू असताना, वाहतूक सोडण्याआधी असे वेगवेगळे टप्पे आहेत. तुमचं ओपनिंग डिझाइनच्या टप्प्यातच पकडायला हवं होतं. तिथे नकाशावरची रेघ हलवून भागतं. नंतर भूसंपादन आणि वाढीव खर्च आडवे येतात.

ऑडिटर डिझाइनवाल्यांपासून स्वतंत्र हवा. डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) करणाऱ्यांनीच तपासलं असेल तर ते घरचं चेकिंग, ऑडिट नव्हे. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या अहवालासोबत ऑडिटरचा नियुक्ती आदेश मागा. आणि मुद्देनिहाय अनुपालन अहवाल (ऑडिटरच्या प्रत्येक मुद्द्यावर काय केलं त्याचा) तर सोडूच नका! खरी मेख तिथेच असते. 'नोंद घेतली' हे उत्तर म्हणजे काहीही केलेलं नाही.

साखळी_क्रमांक:
ओपनिंगपाशी दृश्यमानता मोजा. 80 च्या वेगाला थांबायला 120 मीटर, 100 ला 180 मीटर समोरचं दिसलं पाहिजे. चालकाची नजर जमिनीपासून 1.2 मीटरवर धरतात, त्याच उंचीवरून बघा. दुभाजकातली कण्हेर वाढली की तिच्यामागे उभं असलेलं पोर दिसत नाही, आणि नकाशात कण्हेर नसते.

क्रॅश बॅरिअरही बघून घ्या. डब्ल्यू-बीमची (बॅरिअरच्या नागमोडी पत्र्याची) वरची कड साधारण 70 सेंमीवर, खांब 2 मीटरवर, 1.1 मीटर जमिनीत. डांबराचा नवा थर चढला की उंची तेवढी घटते. पत्र्याचं उघडं टोक येणाऱ्या गाडीकडे असेल तर ते थेट गाडीत घुसतं. पुलाच्या कठड्याशी बॅरिअर जोडलेला नसणं हा नेहमीचा दोष.

फाट्यावरचा:
अर्ज राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडेच ना?

खडीकरण:
प्रत्येक वेळी नाही. काही राष्ट्रीय महामार्ग सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतात. कामाच्या फलकावर नाव बघा, त्याच कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला 10 रुपये शुल्कासह अर्ज करा. मुदत 30 दिवस. साखळी क्रमांक (रस्त्यावर ती जागा किती किलोमीटरवर येते तो आकडा) लिहा, नाहीतर सगळ्या रस्त्याचा गठ्ठा हातात पडेल.